म्हाताऱ्या घोडीचे अंथरूण

घोडा उभ्याउभ्या झोपतो, हे आपण सगळे लहानपणीच शिकतो. मीही शिकले होते, आणि ज्यांच्या हातात उभा जन्म लगामच राहिला त्या माझ्या मामांचीही तीच समजूत होती. ती अर्धीच खरी आहे. उरलेले अर्धे आम्हाला कळले ते बिजलीमुळे. आणि तेही जवळजवळ उशिराच.

मामा माथेरानला घोडी चालवत. तिथे मोटारगाड्यांना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्याशी गाडी सोडली की पुढे बहुतेक जण पायी जात, नाहीतर घोड्यावर. बिजली ही मामांची शेवटची घोडी. पंधरा-सोळा वर्षे तिने पाठीवर माणसे वाहिली. रडणारी मुले, फोटोसाठी लगाम ओढणारे नवरदेव आणि एकदा एक पंडुरोगी कवी, ज्याने उतरल्यावर तिलाच नमस्कार केला. पाय आखडायला लागले तेव्हा मामांनी तिचे खोगीर उतरवले आणि तिला नेरळजवळच्या वाडीवर, घरामागे आणून बांधले. अशा घोड्यांना गिऱ्हाईक मिळते. ते कशासाठी नेते हे सहसा कुणी विचारत नाही. मामांनी विकले नाही. मामी म्हणाली, "पेन्शन मला नाही, घोडीला."

गेल्या पावसाळ्यात मामांचा फोन आला. "अगं, बिजलीला फिट येते बहुतेक. उभी असते आणि एकदम पुढच्या पायांवर कोसळते. पुन्हा दचकून उभी राहते. दिवसातून चार-पाच वेळा. चोवीस वर्षांची झाली. डॉक्टरांना सांगून सोडवावी का तिला?" 'सोडवावी' हा शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला की मी रविवारची वाट न बघता गाडी पकडली.

तालुक्याचे पशुवैद्यक आमच्या आधीच येऊन बसले होते. त्यांनी घोडीची छाती ऐकली, दात पाहिले आणि मग खाली बसून तिच्या पुढच्या पायांवरून हात फिरवला. खुराच्या वर जो सांधा असतो त्याच्या पुढच्या बाजूला दोन्ही पायांवर जुन्या-नव्या जखमा होत्या, खरचटून पुन्हा खपली धरलेल्या. त्यांनी विचारले, "ही आडवी शेवटची कधी झाली होती?" मामांनी आठवून पाहिले. त्यांना सांगता येईना.

"हिला फिट येत नाही," डॉक्टर म्हणाले. "हिला झोप येते."

घोड्याच्या पायांत निसर्गाने एक सोय केली आहे. मागच्या पायाची गुडघ्याची वाटी खटक्यासारखी अडकते, शिरा आणि बंध ताठ राहतात, आणि फारशी ताकद न लावता तो उभ्याने डुलकी काढू शकतो. रानात पळून जाणे हाच ज्याचा बचाव, त्याला हे हवेच. पण ही डुलकी झाली. गाढ झोपेचा एक टप्पा असा असतो की त्यात अंगाचे सगळे स्नायू सैल पडतात. माणसाला स्वप्ने पडतात ती त्यात. ती झोप उभ्याने घेता येत नाही. घोड्याला दिवसभरात सगळी मिळून तीन ते पाच तास झोप पुरते, पण त्यातला निदान अर्धा-पाऊण तास आडवे व्हावेच लागते. ते कित्येक दिवस मिळाले नाही, की गाढ झोप उभ्यावरच झडप घालते आणि पुढचे पाय मुडपतात.

मग बिजली आडवी का होत नव्हती? डॉक्टरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी पायातली चप्पल काढून तबेल्याच्या जमिनीवर पाय घासला आणि मामांकडे पाहिले.

ती जमीन मामांच्या अभिमानाची होती. बिजली निवृत्त झाली तेव्हा त्यांनी पदरचे पैसे घालून तिच्या ठाणाला शहाबादी फरशी बसवून घेतली होती. रोज पाण्याने धुवायची, लिदीचा वासही राहू द्यायचा नाही. वर पातळशी पेंढ्याची पसर, शोभेपुरती. आमच्या घरच्या स्वयंपाकघरातही तेव्हा फरशी नव्हती!

गाय उठते तेव्हा आधी मागचा भाग उचलते. घोडा उलट, तो आधी पुढचे दोन्ही पाय समोर पसरतो आणि मागून सारा देह रेटून वर उचलतो. त्या रेट्याला खाली पकड लागते. तरण्या घोड्याला निसरड्या फरशीवरही ते जमून जाते. सांधे धरलेली म्हातारी घोडी मात्र एकदा घसरली, ढोपर आपटले, की मनाशी गाठ मारते: पुन्हा बसायचे नाही. बिजलीने तेच केले होते. मायेने घातलेल्या फरशीवर ती महिनोन् महिने जागी उभी होती. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

जुन्या माणसांना हे ठाऊक नव्हते असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक प्रकरण आहे. त्यात घोड्याचे ठाण त्याच्या लांबीइतके चौरस असावे, खाली गुळगुळीत लाकडी फळ्या असाव्यात, आणि लीद-मूत बाहेर जायला वाट असावी, असे सांगितले आहे. फळ्या, दगड नव्हे.

फरशी उखडायची मामांची तयारी होती, पण भर पावसात ते शक्य नव्हते. तेव्हा प्रश्न उरला अंथरुणाचा, आणि तो परवडण्याचा.

पहिला विचार अर्थातच भाताच्या पेंढ्याचा. कर्जत-नेरळच्या पट्ट्यात तो घरचाच. जाड घातला तर ऊब देतो, मऊ असतो, नंतर त्याचे खतही लवकर होते. पण दोन अडचणी निघाल्या. एक म्हणजे दिवाळीच्या सुमाराला झोडलेला पेंढा श्रावणापर्यंत सर्द होतो, त्याला बुरशी धरते. उचलला की पांढुरकी धूळ उडते ती हीच. म्हाताऱ्या घोड्याची छाती आधीच नाजूक. ही धूळ रोज नाकात गेली की धाप लागते आणि ती पुढे कायमची होते. दुसरी अडचण अशी की बिजलीने तिसऱ्या रात्री अंथरूण खायला सुरुवात केली. दात झिजलेल्या घोड्याला चिवट काड नीट चावता येत नाही, पोटात गोळा अडकतो, आणि घोड्याची पोटदुखी म्हणजे जिवाशी खेळ. पेंढा वाईट नव्हे. ताजा, कोरडा असेल आणि घोडा खादाड नसेल तर आजही तो सगळ्यांत स्वस्त आणि चांगला. आमच्या घोडीला चालला नाही, इतकेच.

मग भातगिरणीतले तूस आणले. जवळजवळ फुकट मिळते. पण ते पाणी शोषत नाही, घसरते, आणि त्याची टोकदार कुसे डोळ्यात-नाकात जातात. चार दिवसांत ते शेजाऱ्याच्या कोंबड्यांकडे गेले आणि तिथे त्याचे चीज झाले. देशावरच्या वाचकांना उसाचे पाचट सुचेल. त्याच्या पात्यांची धार हाताला लागते ती म्हाताऱ्या कातडीलाही लागेल, हे लक्षात ठेवावे. कागदाच्या पट्ट्याही काही जण वापरतात. धूळ कमी, ओल शोषतात, पण भिजल्या की लगद्याचे ओझे होते, आणि रद्दीला भाव आहे. ही पुरवणी वाचून झाल्यावर कुणी तबेल्यात नेणार असेल तर माझी तक्रार नाही.

शेवटी जमले ते लाकडाचे. वखारीतला करवतीचा बारीक भुसा नव्हे, तो फार उडतो. सुताराच्या रंध्याखाली निघणाऱ्या पातळ, कुरळ्या ढलप्या. त्या ओल धरतात, दबल्या तरी पुन्हा फुलतात आणि खाण्यासारख्या लागत नाहीत. मात्र सुताराला दोन गोष्टी विचाराव्यात: लाकडाला वाळवीचे औषध मारले होते का, आणि त्यात प्लायवूडचा चुरा आहे का. असेल तर नको. अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाच्या ढलप्यांनी तर घोड्यांचे खूर सुजून ते लंगडे झालेले आहेत. आपल्याकडे तो सहसा येत नाही, पण आयात लाकडावर काम करणारी दुकाने आता वाढली आहेत.

नुसत्या ढलप्या फरशीवर घालायच्या तर अर्धा फूट थर लागतो, आणि तेवढी पोती दर आठवड्याला कोण देणार? इथे मामीचे डोके चालले. शेजारच्या दूधवाल्याने गोठ्यात गायींना रबरी मॅट घातल्या होत्या. त्याच्याकडून पत्ता घेऊन दोन मॅट आणल्या. तो खर्च मोठा होता, पण एकदाच. त्यावर चार बोटे ढलप्या पुरतात. मॅटने पकड मिळते, ढोपराला मार बसत नाही. पण रबर मूत शोषत नाही, म्हणून वरचा थर वाचवता येत नाही. हिशेब मामीनेच वहीत मांडला. पूर्वी फरशी धुवायला रोज जाणारा दीड तास आणि पाणीही तिने त्यात जमेला धरले.

भिंतीकडेने ढलप्यांचा फूटभर उंच बांध घालावा, कारण भिंतीला पाय अडकून उताणा पडलेला घोडा आपसूक उठू शकत नाही. अंथरूण पुरेसे आहे का, हे पाहायला सोपी रीत डॉक्टरांनी सांगितली: आपणच त्यावर सगळा भार देऊन गुडघे टेकावेत. खालचा कठीणपणा जाणवला तर थर कमी आहे. आणि खाली, घोड्याच्या नाकाच्या पातळीवर, दोन मिनिटे बसावे. डोळे चुरचुरले तर तो मुताचा अमोनिया. उभ्या माणसाला जो वास येत नाही तो झोपलेला घोडा रात्रभर ओढत असतो. त्यावर चुन्याची फक्की मारण्याची जुनी सवय सोडावी, ती छातीला आणि खुरांना बाधते. ओला भाग उचलून टाकणे हाच उपाय. ओल राहिली की खुराच्या तळाची मऊ गादी सडायला लागते.

भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर आपल्याला पाठ आहे: न फिरवल्यामुळे. मामा आता त्यात चौथे घालतात. रोज सकाळी लीद उचलायची, ओले काढायचे, कोरडे भिंतीकडून मध्ये ओढायचे. वीस मिनिटांचे काम आहे. कोपरा बदलतो तसा घोडीचा ओला भागही ठरलेला असतो, हे त्यांना आठवड्यात कळले, आणि तेवढ्याने पोती निम्मी लागू लागली.

बिजली लगेच आडवी झाली असे मात्र नाही. मॅट घातल्यावर पहिले पाच दिवस ती नुसती पायाने उकरून बघत राहिली. सहाव्या दिवशी पहाटे मामा कंदील न लावता गेले. ती उभीच होती. पण तिच्या डाव्या कुशीला आणि गालाला ढलप्या चिकटल्या होत्या. त्यांनी त्या झटकल्या नाहीत. मामीला उठवून दाखवायला आणले.

आता फोनवर मी पहिला प्रश्न तोच विचारते आणि ते एका शब्दात सांगतात: "लागल्यात." पुढचे पाय मुडपणे महिन्याभरात थांबले, जखमा भरल्या. सांधे आहेत तसेच आहेत. या वर्षी मेअखेरच वीस पोती कोरड्या ढलप्या भरून ठेवायच्या, असे ठरले आहे. जागा एकच आहे, घराचा माळा. आणि तिथे मामीच्या लोणच्याच्या बरण्या आहेत. त्यावरून सध्या दोघांचे बोलणे बंद आहे.