ढाबळीतला न दिसणारा शत्रू

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात कधी कधी आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. भिंतींना ओल धरते, धुतलेले कपडे वाळत नाहीत आणि गच्चीवरच्या कबुतरांच्या ढाबळीत तळाची विष्ठा ओलीच राहते. कबुतर पाळणाऱ्याने वर्षभरात सर्वांत जास्त जपायचं ते याच दिवसांत. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेल्या कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवीच्या बीजकोषांना उबदार ओल मिळाली, की एक-दोन दिवसांतच ते दुसऱ्या पक्ष्याला आजारी पाडण्याइतके तयार होतात. कबुतर खाली पडलेला दाणा टिपतं आणि दाण्याबरोबर तेही पोटात जातात.

शर्यतीच्या कबुतराच्या बाबतीत हे दुखणं आणखी महागात पडतं. रेसिंग होमर हा जेमतेम चारशे-साडेचारशे ग्रॅमचा पक्षी. वारा पाठीशी असेल तर तो ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर वेगाने उडतो आणि काही शे किलोमीटरचं अंतर एका दिवसात कापून घरी परततो. ओडिशा पोलिसांनी १९४६ मध्ये लष्कराकडून मिळालेल्या कबुतरांवर संदेशसेवा उभी केली होती, ती याच गुणाच्या भरवशावर. आज भारतात होमरच्या शर्यतींची मोठी केंद्रं म्हणजे चेन्नई, बेंगळुरू आणि कोलकाता. हा छंद पुण्यातही आहे.

असा पक्षी ढाबळीत बसलेला असतो तेव्हा पोटातले जंत किंवा पिसांतल्या उवा सहसा जाणवत नाहीत. तो दाणा खातो, घुमतो, जोडीशी भांडतो. उणीव उघडी पडते ती हवेत. सोबतचे पक्षी परततात, हा मागे पडतो, दुसऱ्या दिवशी दमून येतो किंवा येतच नाही. मालक वाऱ्याला आणि ससाण्याला दोष देतो. खरं कारण बऱ्याचदा ढाबळीतच असतं.

होमरच्या मागे लागणाऱ्या परजीवींमध्ये घशाचा रोग सर्वांत जुना आणि परिचित. कबुतरबाज त्याला कँकर म्हणतात. ट्रायकोमोनास गॅलिनी या चाबकासारखे तंतू असलेल्या एकपेशीय जीवामुळे तो होतो. १८७८ मध्ये रिव्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने कबुतरांमध्येच त्याची नोंद केली. बरीचशी मोठी कबुतरं हा जीव घशात बाळगूनही ठणठणीत असतात. धोका असतो तो पिल्लांना. नर-मादी दोघंही पिल्लांना आपल्या अन्नपिशवीतलं दूध पाजतात आणि पहिल्या घासाबरोबरच हा जीव पिल्लाच्या घशात उतरतो. मग तिथे पिवळट, पनीरसारखा थर साचतो, पिल्लाला गिळता येत नाही आणि ते वाळत जातं. सुकल्यावर हा जीव फार काळ टिकत नाही. त्याचा प्रसार होतो तो चोचीतून चोचीत आणि पाण्याच्या सामाईक भांड्यातून. म्हणूनच शर्यतीला नेताना वेगवेगळ्या ढाबळींची कबुतरं एका टोपलीत, एकाच पाण्यावर ठेवली जातात, तेव्हा त्याचं फावतं.

पोटातल्या जंतांचे दोन मुख्य प्रकार. गोलकृमी आतड्यात राहून पक्ष्याचं अन्न पळवतात आणि संख्या वाढली तर आतडंच तुंबवतात. दुसरे केसासारखे बारीक जंत, ते आतड्याच्या अस्तरात घुसतात. दिसायला क्षुल्लक असले तरी पक्ष्याला खंगवतात ते हेच. पट्टकृमी कबुतराच्या पोटात थेट शिरत नाहीत. मुंग्या, भुंगेरे, गोगलगायी यांसारखे जीव पोटात गेले तरच ते येतात. त्यामुळे धान्याच्या डब्यातले किडे वेळीच काढणं हासुद्धा जंतांवरचा इलाज ठरतो.

अंगावरच्या परजीवींची गोष्ट वेगळी. पंखाच्या पिसाला चिकटून राहणारी लांबट ऊ इतकी निमुळती असते, की पिसाच्या दोन तंतूंमधल्या फटीत ती आडवी पडून राहते आणि चोचीला सापडत नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातील डेल क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की चोचीने पिसं नीट विंचरता आली नाहीत तर उवांची संख्या भराभर वाढते. उवा पिसाचा मऊ भाग खातात, पक्ष्याची ऊब कमी होते आणि ती टिकवण्यात त्याची शक्ती खर्च होते. तांबड्या कोळ्यांचं वर्तन निराळं. ते दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. म्हणून दिवसा पक्षी तपासून ते सापडत नाहीत. रात्री टॉर्च घेऊन बसण्याच्या फळ्यांची खालची बाजू पाहिली तर दिसतात.

चपट्या अंगाची, पिसांमधून सरपटणारी कबुतरमाशी तर एक आख्खा रोगच बरोबर घेऊन फिरते. तिच्या चाव्यातून हिमोप्रोटियस हा मलेरियाच्या जातकुळीचा परजीवी कबुतराच्या रक्तात शिरतो. या शोधाचा बराच भाग भारतात घडला. कलकत्त्यात रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये पक्ष्यांच्या मलेरियाचा डासामधला प्रवास दाखवला. कबुतराच्या या परजीवीचा वाहक डास नसून माशी आहे, हे अल्जीरियात सर्जां बंधूंनी १९०६ मध्ये सिद्ध केलं. माशीच्या शरीरात त्याची वाढ कशी होते, हे भारतात काम करणाऱ्या हेलन ॲडी यांनी १९१५ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये मांडलं. या माहितीचा उपयोग ढाबळीत रोज होऊ शकतो. माशी आपली अळी घरट्याच्या काडीकचऱ्यात टाकते आणि कोषातून नवी माशी बाहेर यायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. घरट्याचे खण त्याआधीच, म्हणजे दर दोन आठवड्यांनी, पूर्ण रिकामे करून कचरा पिशवीत बंद करून टाकला, तर पुढची पिढी जन्मालाच येत नाही.

खरी चूक होते ती औषधांच्या बाबतीत. पुणे जिल्हा कुक्कुटपालनाचं मोठं केंद्र आहे. उरुळी कांचनला डॉ. बी. व्ही. राव इन्स्टिट्यूट ऑफ पोल्ट्री मॅनेजमेंट अँड टेक्नॉलॉजीसारखी संस्था आहे आणि कोंबड्यांची औषधं दुकानात सहज मिळतात. तीच अंदाजाने कबुतरांच्या पाण्यात पडतात. पण दोन किलोच्या कोंबडीचं प्रमाण चारशे ग्रॅमच्या कबुतराला लावता येत नाही. शिवाय एप्रिलच्या उन्हात कबुतर थंडीतल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं. पाण्यातलं औषध तेवढंच ठेवलं तरी पोटात जाणारी मात्रा वाढते.

काही औषधं तर कबुतरांना विशेष बाधतात. जनावरांच्या जंतांवर सर्रास वापरलं जाणारं फेनबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल यांनी कबुतरांच्या अस्थिमज्जेवर विपरीत परिणाम होऊन पक्षी दगावल्याच्या नोंदी आहेत. पिसं येत असताना फेनबेंडाझोल दिलं तर नवी पिसं वेडीवाकडी निघतात आणि शर्यतीचं ते वर्ष वाया जातं. लेव्हामिसोलने पक्ष्याला उलटी होऊ शकते. घशाच्या रोगावर रोनिडाझोल किंवा मेट्रोनिडाझोल गुणकारी आहे, पण मात्रा चुकली तर पक्ष्याचा तोल जातो. पूर्वी याच रोगावर मोरचूद पाण्यात घालून देत. औषधी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार कमी अंतर असल्यामुळे तो उपाय सोडून द्यायला हवा. दुसरा धोका उलट्या बाजूचा. थोडं-थोडं औषध वारंवार दिल्याने घशाच्या परजीवींना त्याची सवय होते. औषधाला दाद न देणारे वाण स्पेन आणि बेल्जियममधल्या कबुतरांत सापडले आहेत.

याला उत्तर एकच आहे, औषधाआधी तपासणी. ती अवघड नाही. सकाळी ढाबळीत स्वच्छ कागद अंथरायचा, वेगवेगळ्या पक्ष्यांची ताजी विष्ठा थोडी-थोडी डबीत घ्यायची आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायची. तिथे ती मिठाच्या संपृक्त पाण्यात घोळवतात. जंतांची अंडी हलकी असल्याने वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात. केसासारख्या जंताचं अंडं तर लिंबासारखं, दोन्ही टोकांना बूच लावल्यागत दिसतं. घशाचा स्राव कोमट सलाईनच्या थेंबात घेऊन लगेच पाहिला, तर वळवळणारे ट्रायकोमोनास दिसतात. पशुसंवर्धन विभागाची पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा पुण्यातच, औंधला आहे. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही पुण्याहून साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. अहवालात अंडी किती आणि कोणती आहेत हे कळल्यावरच पशुवैद्य औषध आणि मात्रा ठरवतात. जंतांचं औषध साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं, कारण पहिल्या खेपेला वाचलेल्या अळ्या तोवर मोठ्या झालेल्या असतात.

बाकीचं काम रोजचं आहे. विष्ठा दररोज खरवडायची. दाणा जमिनीवर न टाकता भांड्यात द्यायचा. पाण्याचं भांडं रोज घासायचं. आठवड्यातून एकदा आंघोळीला उथळ पाणी ठेवायचं. ढाबळीत ऊन आणि वारा खेळता ठेवायचा. विकत आणलेला किंवा शर्यतीत दुसरीकडे उतरून परतलेला पक्षी तीन-चार आठवडे वेगळा ठेवायचा. रानकबुतरांना ढाबळीत शिरकाव द्यायचा नाही, कारण घशाच्या रोगाचा हाच जीव त्यांच्यातही असतो.

हे परजीवी माणसाला सहसा लागत नाहीत, पण विष्ठेची धूळ फुप्फुसांना खरोखरच घातक आहे. मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद झाला, तेव्हा या प्रश्नावर राज्यभर चर्चा झाली. साफसफाई करताना तोंडाला चांगला मास्क लावावा, विष्ठा खरवडण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडावं आणि घरात दमा असलेलं माणूस असेल तर ढाबळीजवळ त्याला जाऊ देऊ नये.

पावसाळा संपताना, हंगामाच्या तयारीला लागण्याआधी, प्रत्येक ढाबळीतला एक नमुना औंधला जावा. पाण्यात कोणती पुडी टाकायची हे शेजारच्या गच्चीवरून विचारण्याऐवजी, विष्ठेचा अहवाल घेऊन पशुवैद्याकडे जा.