उलट्या क्रमाची वाट

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने खोदलेली ‘ग्रँड कॅन्यन’ ही प्रचंड घळई आहे. तिच्या दक्षिण कड्यावरून नदीकडे उतरणारी ‘ब्राइट एंजल’ ही पायवाट मूळची हवासुपाई आदिवासींची. पाण्याकाठी ते शेती करीत. विसाव्या शतकात त्यांना तेथून हटवण्यात आले. २०२२ मध्ये त्या जागेला ‘हवासुपाई गार्डन्स’ हे नाव देण्यात आले.

डोंगरावर आधी चढण, मग उतरण. येथे क्रम उलटा. ताज्या दमाचा प्रवासी सहज खाली जातो. उन्हाळ्यात तळाशी तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि थकल्यावर सुमारे १,३०० मीटरांची चढण समोर उभी राहते. म्हणूनच एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परतण्याचा प्रयत्न करू नये, असे उद्यानाचे अधिकारी बजावतात.