विष पचविणारा सुरवंट

रुईचे पान तोडले की त्यातून पांढरा चीक पाझरतो. तो विषारी असल्याने गुरेही सहसा रुईला तोंड लावीत नाहीत. याच रुईच्या कुळातील ‘मिल्कवीड’ नावाच्या वनस्पती उत्तर अमेरिकेत माळरानांवर व रस्त्यांच्या कडेला उगवतात. त्यांच्या पानांतही असाच चीक असतो. नवल हे की, मोनार्क नावाच्या फुलपाखराचा सुरवंट या पानांवरच जगतो.

मोनार्कची मादी मिल्कवीडच्या पानावर एकेक सुटे अंडे घालते. सुमारे ४ दिवसांनी त्यातून इवलासा सुरवंट बाहेर पडतो. प्रथम तो आपल्याच अंड्याचे कवच खातो. मग पानावरील लव कुरतडून दूर करतो व पान खाऊ लागतो. परंतु त्याचा पहिला घासच जिवावर बेतू शकतो. पान कुरतडताच चीक वाहू लागतो आणि त्यात अडकून कित्येक नवजात सुरवंट प्राणास मुकतात. म्हणून तो आधी पानावर अर्धवर्तुळाकार चर पाडतो. त्यामुळे चीक वाहून आणणाऱ्या सूक्ष्म नलिका तुटतात आणि चराच्या आतील भाग त्याला निर्धास्तपणे खाता येतो. मोठा सुरवंट पानाचा देठ किंवा मधली शीरच कुरतडतो. पान खाली लोंबते, चिकाचा ओघ आटतो, आणि मग त्याचे भोजन सुरू होते.

त्याची भूक विलक्षण असते. सुमारे दोन आठवड्यांत तो ४ वेळा कात टाकतो आणि टाकलेली कातही बहुधा खाऊन टाकतो. एवढ्या अवधीत त्याचे वजन सुमारे २००० पट होते!

पानांतील विषाने सुरवंटाचे काही बिघडत नाही. उलट, ते त्याच्या शरीरात साठते व पुढे फुलपाखरातही टिकून राहते. लिंकन ब्रोवर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात ‘ब्लू जे’ नावाच्या पक्ष्यांना अशी फुलपाखरे खाऊ घातली. पक्ष्यांना वांत्या झाल्या आणि त्यानंतर ते मोनार्कच्या वाटेस जाईनात. सुरवंटाच्या अंगावरील काळे, पिवळे व पांढरे पट्टे जणू हाच इशारा देतात.

फुलपाखरू नाना फुलांतील मध पिते. सुरवंटाला मात्र मिल्कवीडवाचून गती नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील मका व सोयाबीनच्या शेतांत तणनाशकांचा वापर वाढला. शेतकऱ्याच्या दृष्टीने मिल्कवीड हे तणच. ते शेतांतून झपाट्याने नाहीसे झाले. हिवाळ्यासाठी मेक्सिकोच्या डोंगरांत जाणाऱ्या मोनार्क फुलपाखरांची संख्याही घटली. आता तेथील अनेक लोक आपल्या बागांत व शाळांच्या आवारांत मिल्कवीड मुद्दाम लावीत आहेत.

आपण ज्याला निरुपयोगी तण म्हणून उपटून टाकतो, तेच एखाद्या जीवाचे सर्वस्व असू शकते.