प्रवास, निसर्ग आणि लेखनाचा पुनरारंभ : काकासाहेब कालेलकरांच्या निमित्ताने

लेखणी थबकली की लेखकाने गाव सोडावे, डोंगर-नद्यांच्या सान्निध्यात काही काळ काढावा, म्हणजे प्रतिभेला पुन्हा पालवी फुटते, असा समज आपल्या वाङ्मयव्यवहारात रूढ आहे. हा समज निराधार नाही. मात्र तो अपुरा आहे. प्रवास करणारे पुष्कळ असतात, निसर्गापुढे भारावून जाणारेही कमी नसतात, आणि तरी त्यांतील फार थोड्यांच्या हातून टिकाऊ लेखन होते. तेव्हा पाहणे आणि लिहिणे यांच्या दरम्यान नेमके काय घडते, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार काकासाहेब कालेलकरांच्या उदाहरणावरून करावयाचा आहे.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यास झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात काम केले व पुढे बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात अध्यापन पत्करले. सरकारी रोषामुळे ते विद्यालय बंद पडले. हाती घेतलेले कार्य असे मध्येच खुंटल्यावर १९१२ मध्ये ते हिमालयाकडे निघाले. स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर हे त्यांचे सोबती होते आणि यात्रा पायी करावयाची होती. ही यात्रा साधनेच्या ओढीने झाली, लेखनाची सामग्री गोळा करण्यासाठी नव्हे, हे प्रथमच ध्यानात घेतले पाहिजे. प्रेरणेच्या शोधात निघालेला माणूस वाटेतल्या प्रत्येक झऱ्याकडे हिशेबी नजरेने पाहतो. यात्रेकरूला तो झरा तहान भागविण्यासाठी हवा असतो. कालेलकरांच्या प्रवासवर्णनात जी प्रसन्न निर्हेतुकता जाणवते, तिचे मूळ येथे आहे.

या यात्रेचे वर्णन त्यांनी लगोलग लिहिले नाही. मधल्या काळात ते शांतिनिकेतनात राहिले, १९१५ मध्ये तेथेच गांधीजींची भेट झाली आणि पुढे साबरमतीचा आश्रम हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. आश्रमातील हस्तलिखित नियतकालिकासाठी, मुख्यतः तेथील विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून, त्यांनी आठवणींतून हिमालय उभा केला. ‘हिमालयनो प्रवास’ हे पुस्तक १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, आणि ते गुजरातीत होते. मराठी मातृभाषेच्या, मराठी दैनिकात लेखणी चालविलेल्या या गृहस्थाने आपला सर्वांत मोठा निसर्गानुभव प्रौढपणी आत्मसात केलेल्या भाषेत सांगितला. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले, आणि १९६५ चा साहित्य अकादेमी पुरस्कारही त्यांना गुजराती ग्रंथासाठीच मिळाला.

या घटनाक्रमात तीन गोष्टी वेगळ्या काढता येतात : कालाचे अंतर, सन्मुख श्रोता आणि नव्याने कमावलेली भाषा.

कालांतराचे महत्त्व अन्य वाङ्मयांतही आढळते. जपानी कवी बाशो १६८९ मध्ये उत्तरेकडील दुर्गम प्रदेशाच्या पायी प्रवासाला निघाला. त्या प्रवासाच्या वृत्तान्ताला अंतिम रूप मिळाले ते १६९४ च्या सुमारास, आणि ग्रंथ छापला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर, १७०२ मध्ये. वर्डस्वर्थची डॅफोडिल फुलांवरील कविता सर्वश्रुत आहे. ती फुले त्याने व त्याची बहीण डोरोथी हिने १५ एप्रिल १८०२ रोजी पाहिली. डोरोथीने ती रोजनिशीत लगेच टिपली; वर्डस्वर्थची कविता मात्र त्यानंतर दोन वर्षांनी आकारास येऊ लागली व १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. पाहिलेल्या वस्तूतील आनुषंगिक भाग या अवधीत गळून पडतो आणि स्मृतीला जे सोडवत नाही तेवढे शिल्लक राहते. अर्थात केवळ विलंबाने साहित्य निर्माण होत नाही. डोरोथीची नोंद त्याच काळातली असूनही जिवंत आहे, कारण तिची दृष्टी बारकाव्यांवर स्थिरावलेली आहे. एवढे मात्र खरे, की प्रवास संपताच हाती काही लागले नाही म्हणून तो व्यर्थ गेला, असे मानण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट श्रोत्याची. आश्रमातील मुलांनी हिमालय पाहिला नव्हता. ज्याने पाहिले नाही त्याला सांगावयाचे तर ‘भव्य’, ‘अवर्णनीय’ अशी विशेषणे निरुपयोगी ठरतात. चढण किती खडी होती, पाणी कसे लागत होते, धर्मशाळेत रात्र कशी गेली, हे सांगावे लागते. शिक्षकाची ही शिस्त कालेलकरांच्या गद्याला लाभली. निसर्गासमोर एकाकी होऊन लिहिणाऱ्यापेक्षा निसर्गाहून परत येऊन कोणाला तरी सांगणाऱ्याचे लेखन अधिक सकस का होते, याचे उत्तर बहुधा या शिस्तीत सापडेल.

तिसरी गोष्ट भाषेची. लेखकाचा थकवा पुष्कळदा अनुभवाचा नसतो, शब्दांचा असतो. मातृभाषेत पर्वत म्हटला की उत्तुंग शिखर, नदी म्हटली की खळखळ, असे सांकेतिक शब्द न बोलावता धावून येतात. परक्या भाषेत ते इतक्या सहजपणे हाताशी येत नाहीत. प्रत्येक वस्तूला तिचे नाव विचारावे लागते. गुजरातीने कालेलकरांना हा लाभ दिला असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या मताची कसोटी त्यांच्याच दुसऱ्या एका पुस्तकात लागते. ‘नवजीवन’मधील लेखनाबद्दल १९२३ मध्ये त्यांना कारावास झाला. साबरमतीच्या तुरुंगातील त्या दिवसांतून ‘ओतराती दीवालो’, म्हणजे उत्तरेकडील भिंती, हे छोटे पुस्तक १९२५ मध्ये निघाले. येथे हिमालय नाही, नदी नाही, प्रवास तर नाहीच. आहेत त्या मुंग्या, कावळे, खारी, मांजरे. तरीही निसर्गलेखन म्हणून हे पुस्तक प्रवासवर्णनाच्या तोडीचे ठरते. हिमालयाने त्यांना जी दृष्टी दिली ती भिंतीआडही टिकली, असा याचा अर्थ. प्रवासाचे फलित दृश्यांच्या संख्येत मोजता येत नाही. परतल्यावर आपले अंगण कसे दिसते, यावर ते ठरते.

मराठीत याची साक्ष दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथाने मिळते. चैत्रापासून एकेक महिना घेऊन त्यांनी सृष्टीतील बदल टिपले. मातृभाषेत लिहूनही त्यांची भाषा सांकेतिक झाली नाही. कारण त्यांनी लोकसाहित्याच्या आणि संस्कृत वाङ्मयाच्या व्यासंगातून मराठीचा विस्मृत शब्दसंचय पुन्हा उकरून काढला. कालेलकर दुसऱ्या भाषेत गेले. दुर्गाबाई आपल्याच भाषेत खोल उतरल्या. दोघांनीही वस्तूला नाव देण्याचे कष्ट घेतले. कालेलकरांचे प्रमुख निसर्गलेखन मराठी वाचकाला अनुवादातून भेटते, याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ती खंत मराठीच्या असमर्थतेची नव्हे, हे ‘ऋतुचक्र’ दाखवून देते.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी लेखकाला हा विचार विशेष जवळचा आहे. येथे फाल्गुनात सेमल फुलतो आणि ज्येष्ठाच्या सुमारास अमलतास. ते आपले काटेसावर आणि बहावा होत, हे कळले की एकाच झाडाकडे दोन भाषांतून पाहता येते. विद्यापीठाला लागून असलेली रिज ही अरवलीची उत्तरेकडील शेवटची शाखा. तिच्यावर आज धावड्याच्या कुळातील मूळच्या धौ वृक्षांपेक्षा बाहेरून आणलेली विलायती बाभूळ अधिक माजली आहे. आणि यमुना? नद्यांना ‘लोकमाता’ म्हणून गौरविणारे कालेलकर उत्तरायुष्यात राजघाटाजवळच्या ‘सन्निधि’ या वास्तूत, तिच्या निकट राहिले. २१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीतच त्यांचे निधन झाले. वजिराबाद ते ओखला हा नदीचा सुमारे २२ किलोमीटरांचा टापू तिच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. आणि तिच्यावर प्रदूषणाचा सर्वाधिक भार पडतो तो याच टापूत.

तेव्हा प्रेरणेसाठी हिमालयात अवश्य जावे. परंतु दिल्लीहून तेथे जाणारा लेखक वाटेत यमुना ओलांडतो, हे त्याने विसरू नये. काळवंडलेल्या पाण्याला स्तोत्रातले जुने शब्द लावले तर ते खोटे ठरतील, आणि नुसत्या विलापानेही नदी दिसणार नाही. तिच्या काठची भाजीपाल्याची शेती, हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी, निगमबोध घाटावरचा धूर, पाण्यावरचा फेस, या साऱ्यांना आपापल्या नावांनी हाक मारणारे गद्य मराठीत अजून यावयाचे आहे. कालेलकरांनी जे दूर जाऊन साधले आणि तुरुंगात राहूनही राखले, ते येथे लागणार आहे.