पूर्वनिर्मित गृह आणि सांध्यांचे उत्तरदायित्व

पूर्वनिर्मित घराचे भाग कारखान्यात सिद्ध होतात. घर मात्र जागेवर, सांध्यांच्या आधारे, उभे राहते. म्हणून कंत्राटदाराची निवड करताना केवळ कारखान्याची कीर्ती पाहून भागत नाही. (‘कंत्राट’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला, ‘सांधा’ घरचाच आहे.) लंडनमधील रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीत 16 मे 1968 रोजी 18 व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. भिंतीचे तयार तक्ते निखळले, इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला आणि चार रहिवासी मृत्युमुखी पडले. 1986 मध्ये इमारत उतरविली, तेव्हा काही सांध्यांत वर्तमानपत्रांचे कागद कोंबलेले आढळले! तक्ते कोणी ओतले हे करारपत्रात असते. सांधे कोणी भरावयाचे व कोणी तपासावयाचे, हे बहुधा मोघम राहते. बुजविण्यापूर्वी सांधा पाहू देण्यास जो कंत्राटदार नाखूश असेल, त्याची निविदा कितीही स्वल्प असली तरी ती बाजूस ठेवणेच इष्ट.