भुलीचा वायू आणि मोटारीचा वेग

चारमिनारकडून नव्या पुलावरून मुसी नदी ओलांडली की अफझलगंजात पाऊल पडते, आणि उस्मानिया रुग्णालयाची घुमटांची जुनी इमारत दृष्टीस पडते. १९०८ सालच्या महापुराने येथील जुन्या अफझलगंज रुग्णालयाचा घास घेतला. त्यानंतर व्हिन्सेंट एश या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणे ही वास्तू उभी राहिली. आपल्या देशात कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहास निळ्या रंगाच्या ज्या पोलादी बाटल्या पुरविल्या जातात, त्यांत नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लोकांच्या बोलीतील हास्यवायू असतो. रोग्याची शुद्ध हरपविण्यास साह्य करणारा हाच वायू शर्यतीच्या मोटारीच्या पाठीमागे बसविला असता तिला क्षणार्धात उधळल्या घोड्याचा वेग देतो. ही गोष्ट प्रथम ऐकणारास थट्टेची वाटणे स्वाभाविक आहे.

वायू मात्र जुनाच. जोसेफ प्रीस्टली याने १७७२ मध्ये तो तयार केला. हंफ्री डेव्हीने १८०० साली त्याचा वेदनाशामक गुण नमूद केला आणि होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने १८४४ मध्ये त्याच्या अंमलाखाली स्वतःचीच दाढ उपटून घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात अतिउंचावरील विरळ हवेत इंजिनाचा जीव घुसमटू लागे, तेव्हा जर्मन विमानदलाने हा वायू इंजिनात फवारण्याची युक्ती योजिली. मोटारींच्या शौकिनांनी ती उचलली, आणि २००१ सालच्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या चित्रपटापासून ती जगभरच्या तरुणांच्या तोंडी झाली. चित्रपटात नायक एक कळ दाबतो आणि गाडी बाणासारखी सुटते. त्या कळीमागे काय काय असावे लागते, हे दाखविण्यास पडद्यावर सवड नसते.

पहिला गैरसमज दूर केला पाहिजे तो हा की, नायट्रस हे इंधन आहे. तो स्वतः जळत नाही. जळण्यास लागणारा प्राणवायू तेवढा तो पुरवितो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, या वायूत ३६ टक्के. इंजिनातील उष्णतेने त्याचे विघटन होते, नत्रवायू व प्राणवायू अलग होतात आणि त्या क्रियेतूनही थोडी उष्णता निघते. शिवाय द्रवरूपात आत शिरताना तो एकदम उकळतो व भोवतालची हवा गार करतो. गार हवा दाट असते, म्हणून तेवढ्याच जागेत अधिक मावते. अशा रीतीने इंजिनाला जादा पेट्रोल जाळण्याची ऐपत येते. वाढलेली शक्ती त्या जादा पेट्रोलची असते. ते मिळाले नाही तर वायू नुसता प्राणवायू ओतीत राहतो. मिश्रण कोरडे पडते, ज्वलनाची उष्णता बेसुमार चढते, ठिणगीपूर्वीच किंवा ठिणगीनंतर वेडेवाकडे स्फोट होऊ लागतात आणि अल्युमिनियमच्या पिस्टनला भोक पडते. हे सारे घडावयास मिनिट लागत नाही, काही सेकंद पुरतात. हवेवर चालताना पेट्रोलच्या १ भागास हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. नायट्रसच्या बाबतीत रसायनशास्त्राचा हिशेब १ भागास साडेनऊ भागांच्या आसपास येतो, आणि शहाणे लोक पेट्रोल त्याहूनही सढळ ठेवतात.

म्हणजे प्रश्न मात्रेचा, आणि कोणत्या खुणेवर नजर ठेवावी याचा. नेमका हाच वाद एकदा अफझलगंजात रंगला होता. तेथील रुग्णालयाचे व वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचे मत असे की, क्लोरोफॉर्म देताना रोग्याच्या श्वासावर लक्ष ठेवावे. श्वास ठीक असला की हृदयाची चिंता नको. या मताच्या कसोटीसाठी १८८८ मध्ये हैदराबादेत पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेताच निजामाने १००० पौंड खर्च देऊन त्या पत्राचा प्रतिनिधी पाचारण केला, आणि १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन यांच्या उपस्थितीत दुसरे कमिशन झाले. जनावरांवर प्रयोग झाले आणि निर्णय लॉरींच्या बाजूने लागला. तथापि १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाही हृदयाची गती एकाएकी विस्कटून मृत्यू येऊ शकतो. लॉरींच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांची नजर चुकीच्या खुणेवर होती, इतकेच. नायट्रस बसविणाऱ्या तरुणाचे असेच होते. त्याचे डोळे वेगाच्या काट्यावर खिळलेले असतात. संकट येते ते पेट्रोलच्या दाबाकडून आणि बाटलीच्या उष्णतेकडून.

संच निवडताना प्रथम इंजिनाची कुवत पाहावी. बाजारात तीन जाती आढळतात. ‘कोरड्या’ संचात फक्त वायू फवारला जातो आणि जादा पेट्रोल गाडीच्या मूळ इंजेक्टरांनी द्यावयाचे असते. त्यासाठी गाडीच्या संगणकाची मांडणी जाणकाराकडून बदलून घ्यावी लागते. ‘ओल्या’ संचात वायू आणि पेट्रोल एकाच तोटीतून बरोबर जातात. प्रमाण तोटीतील लहान छिद्रांनी ठरते, म्हणून नवख्यास हा समजण्यास सोपा. परंतु केवळ हवेसाठी घडविलेल्या वाकड्यातिकड्या नळीत पेट्रोल साचून राहिले तर उलटा भडका उडण्याची भीती असते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र तोटी असलेला तिसरा प्रकार निखळ शर्यतीच्या गाड्यांचा. त्याच्या वाटेस सामान्याने जाऊ नये. मूळ स्थितीतील चार सिलिंडरच्या इंजिनाला ४० ते ६० अश्वशक्तीपेक्षा अधिक भर घालू नये, असा रूढ दंडक आहे. दर ५० अश्वशक्तीमागे ठिणगी दीड ते दोन अंश उशिरा पाडावी, प्लग एक पायरी ‘थंड’ घालावेत आणि पेट्रोलचा पंप जादा मागणी पुरवील की नाही हे संच विकत घेण्यापूर्वीच मोजून पाहावे. पुष्कळांचा क्रम याच्या उलट असतो. आधी चकचकीत निळी बाटली येते, आणि पंपाची आठवण पिस्टन वितळल्यावर होते.

हैदराबादेत यापुढचा प्रश्न उन्हाळ्याचा. हा वायू बाटलीत स्वतःच्या दाबाने द्रवरूप राहतो. २० अंश सेल्सियसला हा दाब वातावरणाच्या सुमारे ५० पट असतो आणि ३६.४ अंशांवर तो सुमारे ७२ पट होतो. त्यापलीकडे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही व भरगच्च बाटलीतील दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात या शहराचा पारा ४० च्या वर जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डिकीतील स्थिती त्याहून बिकट. अमेरिकन संचांच्या तोट्या साधारणतः ६२ ते ६९ पट दाब धरून आखलेल्या असतात, म्हणून थंड मुलुखातील शौकीन बाटलीला विजेची ऊबदार पट्टी गुंडाळतात. ती पट्टी येथे घेणे म्हणजे वैशाखात शेगडी पेटविणे होय. येथे बाटलीला सावली, ओले फडके आणि दाबाचा खात्रीचा काटा हवा. ओल्या संचात दाब वाढला की वायू अधिक जातो, पेट्रोल मात्र पूर्वीइतकेच राहते. सकाळी नीट जुळविलेले प्रमाण दुपारी बिघडते ते असे. भूलतज्ज्ञांना ही उष्णतेची अडचण जुनी परिचित आहे. बाटलीत जितके पाणी मावेल त्याच्या वजनाच्या ०.७५ पट वायू समशीतोष्ण देशांत भरतात, उष्ण देशांत ०.६७ पटच. मोटारीची बाटली काठोकाठ भरण्याचा आग्रह धरणाराने हे दोन आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत.

बाटली डिकीत गाडीच्या सांगाड्याला लोखंडी पट्ट्यांनी घट्ट जखडावी. तिच्यात द्रव खेचणारी आतली नळी असते. म्हणून झडपेचे तोंड गाडीच्या पुढील बाजूस, किंचित उंच, आणि नावाची चिठ्ठी वर, अशी बैठक ठेवतात. दाब हाताबाहेर गेल्यास फुटणारी सुरक्षा-चकती झडपेवर असतेच, परंतु तिच्यातून सुटलेला वायू नळीने गाडीबाहेर सोडण्याची सोय केलीच पाहिजे. बंद गाडीत हा वायू भरला तर प्राणवायूचे प्रमाण घटते आणि चालकाची शुद्ध हरपते. रुग्णालयात हा वायू प्राणवायूत मिसळून देतात; नुसता हुंगणे प्राणघातक ठरू शकते. अमेरिकेत मोटारींसाठी विकल्या जाणाऱ्या वायूत गंधकाचा उग्र वासाचा डायऑक्साइड किंचित घालतात, तो अशा हुंगण्याला आळा घालण्यासाठीच. इंजिनाकडे जाणारी पोलादी विणीची नळी धुराच्या नळापासून व विजेच्या तारांपासून दूर न्यावी. जोडांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण प्राणवायू देणाऱ्या पदार्थाशी तेलाची मैत्री स्फोटात शेवटास जाते. विजेच्या मांडणीत मुख्य बटनाखेरीज आणखी तीन पहारेकरी असावेत. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच वायू सोडणारा एक. इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेत, समजा ३००० च्या वर आणि कमाल फेऱ्यांच्या खाली, असतानाच परवानगी देणारा दुसरा. आणि पेट्रोलचा दाब घसरताच वायू तोडणारा तिसरा. यांपैकी तिसऱ्याला कोणी ‘अनावश्यक खर्च’ म्हणत असेल, तर त्या गॅरेजातून गाडी परत आणावी.

एवढे करूनही ही गाडी अफझलगंजच्या, किंवा कोणत्याही गावच्या, सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाने निर्मात्याच्या मूळ नमुन्याशी विसंगत फेरबदलास मनाई केली आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ काटेकोरपणे लाविला. नैसर्गिक वायूवर गाडी चालविण्याच्या मान्यताप्राप्त संचांना त्याच कलमात वाट आहे. परंतु ती इंधन बदलण्याची वाट होय, आणि नायट्रस हे इंधनच नव्हे. रस्त्यावर शर्यत लावणे हा १८९ व्या कलमाखालचा निराळा गुन्हा. बाटलीचा नमुना, तिची आयात आणि तीत वायू भरणे यांवर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांचे नियंत्रण असून त्यांचा कारभार नागपूरच्या स्फोटके सुरक्षा संघटनेकडे आहे. रुग्णालयाच्या बाटलीतून मोटारीच्या बाटलीत वायू ओतून घेण्याचा विचार करणारा दुहेरी अपराधी ठरतो, कारण तो वायू तेथे औषध म्हणून आलेला असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेनसागराच्या काठी शर्यतीच्या मोटारी धावल्या, त्या रीतसर परवानगीने आखलेल्या मार्गावर. आणि त्या विजेच्या असल्यामुळे प्राणवायूचा प्रश्न त्यांना नव्हताच. पेट्रोलच्या गाडीची हौस भागवावयाची तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैसारखी बंदिस्त धावपट्टी आणि तेथील संयोजकांचे नियम, हाच मार्ग उरतो.

अशा धावपट्टीवर जाणती मंडळी सर्वांत लहान तोटीपासून आरंभ करतात. प्रथम बाटलीचे तापमान व दाब टिपतात, नळीतील हवा काढून टाकतात, आणि एक छोटी धाव झाल्याबरोबर इंजिन बंद करून प्लग काढून त्यांचा रंग पाहतात. चिनी मातीवर अल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले तर त्या दिवशीचा खेळ तेथेच संपतो. परतताना बाटलीची झडप हाताने बंद करून नळी रिकामी करतात. झडप गळून वायू इंजिनाच्या नळीत साचला, तर पुढच्या वेळी किल्ली फिरविताच स्फोट होतो. बाटलीत वायू किती उरला हे दाबाचा काटा सांगत नाही, कारण द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत तो जवळजवळ तेथेच राहतो. त्यासाठी भूलतज्ज्ञ बाटलीचे वजन करतात आणि धावपट्टीवरही तेच करावे लागते. बाटली सोडवून, तराजूवर ठेवून, रिकाम्या बाटलीचे वजन त्यातून वजा करून आकडा वहीत लिहिला जातो, आणि मगच तोटी बदलण्याची गोष्ट निघते.