खुद्रीचा पत्ता: मुळा-मुठा

खडकवासला साखळीतली धरणं भरली, मुठेतला विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला. पुणेकरांनी या बातम्या यंदाही वाचल्या. आता पाऊस सरत आलाय. शनिवार-रविवारी पवना, मुळशी, पानशेतच्या वाटेवर टपाला कयाक बांधलेल्या गाड्या दिसू लागतील. कुणी वल्हं घेऊन निघेल, कुणी गळ. ही गर्दी मला मनापासून आवडते. पुलावरून नदी बघणारा माणूस नाकाला रुमाल लावून पुढे जातो. जो पाण्यात उतरतो, त्याला तिच्याबद्दल प्रश्न पडायला लागतात.

वल्हं पुण्याला नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बंडगार्डनचा बंधारा उभा राहिला आणि त्याच्या मागे संगमापर्यंत संथ पाणी साचलं. नाव चालवायला असंच पाणी लागतं. 1868 मध्ये इथे बोट क्लब निघाला, 1928 मध्ये इंजिनिअरिंग कॉलेजचा. पुढे याच शहरात लष्करात असताना चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रोइंग शिकला. दुष्काळी गावातला हा मुलगा वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो एकेरी नौकानयनात तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या चौघांच्या नावेत होता. पाण्याची भीती घालवायला पाण्यातच उतरावं लागतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पण उतरायचं ते पाणी ओळखून. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. विसर्ग 25 हजार क्युसेक असेल, तर दर सेकंदाला सात लाख लिटर पाणी आपल्या समोरून जातं. त्यात कसलेल्या वल्हेकऱ्याचंही काही चालत नाही. बंधाऱ्याखाली तर उतरूच नये. वरून पडणारं पाणी तळाला आपटून उलटं फिरतं आणि त्यात सापडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्यातून सुटता येत नाही. म्हणून लाइफ जॅकेट अंगात हवं, त्याचे पट्टे आवळलेले हवेत. फोटो काढून झाल्यावर ते नावेत काढून ठेवणारे मी दर वर्षी बघतो आणि दर वेळी टोकतो.

आता माझ्या आवडीच्या माशाकडे वळतो. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी कर्नल विल्यम सायक्स दख्खनची पाहणी करत हिंडला. माणसं, पिकं, पक्षी, मासे, जे दिसेल ते त्यानं टिपून ठेवलं. 1839 मध्ये त्यानं एका मोठ्या खवल्यांच्या, दणकट महसीर माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. इथले लोक त्याला ज्या नावानं हाक मारायचे, तेच त्यानं शास्त्रीय नावात घातलं: खुद्री. आज जगभरचे मासेतज्ज्ञ ‘टॉर खुद्री’ म्हणतात, तेव्हा नकळत मराठी बोलतात.

या माशाला वाहतं, गार, प्राणवायूनं भरलेलं पाणी आणि अंडी घालायला स्वच्छ गोटे लागतात. शहरातल्या पट्ट्यात मैलापाणी प्राणवायू खाऊन टाकतं आणि उरलेल्या खतावर जलपर्णी माजते. तिथे खुद्री जगेल कसा? टाटांनी लोणावळ्याजवळ वळवणला 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार केली, म्हणून तो पुष्कळ ठिकाणी टिकला. मात्र हीच पिल्लं कावेरीत सोडली गेली, तिथे फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. मासा वाचवायचा तर त्याची स्वतःची नदी वाचवावी लागते. दुसऱ्या नदीत नेऊन सोडण्यानं ते काम होत नाही. महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे म्हणून कुणी मासे धरत नाही. तिथे महसीर हाताजवळ येऊन कुरमुरे खातात. हे राखणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

गळ टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन वर निघतात. तेव्हा त्यांना वाट द्यावी. खायला चिलापी भरपूर आहे, आणि ती बाहेरून आलेली असल्यामुळे तिला पकडून नदीचं भलंच होतं. महसीर लागला, तर हात ओले करून, पाण्याबाहेर न उचलता गळ सोडवावा आणि त्याला जाऊ द्यावं.

मागच्या ऑक्टोबरात मुळशीच्या फुगवट्यात, धुकं पाण्याला टेकलेलं असताना, कातळावर एक म्हातारे मामा बसले होते. वेताची काठी, कणकेची गोळी, तरंगायला मोरपिसाची वाळकी काडी. काडी दोनदा थरथरली, आडवी झाली, तरी ते हलले नाहीत. तिसऱ्यांदा ती सरळ खाली गेली तेव्हा त्यांनी मनगट फिरवलं. वीतभर चिलापी वर आली. मी शाबासकी दिली तसे ते म्हणाले, “पुण्याचे ना तुम्ही? तुमच्या नदीत काय गावतं?”

मला उत्तर देता आलं नाही. सुमारे 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधार योजनेत घाट किती, झाडं किती, बाकं किती, यावर भरपूर बोलणं झालंय. माझी मागणी आधी पाण्याची आहे. मैलापाणी शंभर टक्के शुद्ध होईपर्यंत काठाला दगड लावू नका. मामांच्या प्रश्नाला “खुद्री” असं उत्तर देता आलं पाहिजे. त्या दिवशी नदी सुधारली, असं मी म्हणेन.